रात्रीच्या विजेचा हिशेब मांडणारा माणूस

१८८९ सालच्या जून महिन्याच्या सुरुवातीला फ्रान्सहून निघालेली एक बोट न्यूयॉर्कच्या धक्क्याला लागली. तिच्यातल्या सर्वात स्वस्त दर्जाच्या उतारूंमध्ये चोवीस वर्षांचा एक तरुण होता. उंची जेमतेम चार फूट, पाठीला कुबड, चालताना एक पाय ओढल्यासारखा. प्रवासातल्या सर्दीने चेहरा सुजलेला, खिसा रिकामा आणि इंग्रजी येत नसल्यातच जमा. परदेशातून येणाऱ्यांची तपासणी त्या वेळी कॅसल गार्डन नावाच्या नाक्यावर होत असे. तिथल्या अधिकाऱ्यांनी या पाहुण्याला आल्या बोटीने परत पाठवायचे जवळजवळ ठरवले होते. बरोबरचा मित्र पुढे झाला आणि याचा भार मी उचलीन असे सांगून त्याला सोडवून घेतले. बँकेच्या भाषेत बोलायचे तर तो जामीन राहिला. तारण काहीच नव्हते. पण एवढे फायद्याचे कर्ज अमेरिकेने त्या वर्षी दुसरे कुठलेच दिले नसेल.

तो तरुण म्हणजे कार्ल ऑगस्ट रुडॉल्फ स्टाइनमेट्झ. पुढे जगाने त्याला चार्ल्स प्रोटियस स्टाइनमेट्झ या नावाने ओळखले. एडिसन आणि टेस्ला यांच्या पंगतीत ज्याचे पान मांडले जाते असा हा विद्युतशास्त्रज्ञ. त्यांच्या संशोधनाविषयी आणि विक्षिप्तपणाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. विजेवर चालणाऱ्या मोटारींसाठी त्यांनी जो हिशेब मांडला त्याची आठवण मात्र फारशी कुणी काढत नाही. आज आपल्या गृहनिर्माण सोसायट्यांच्या वार्षिक सभांत विजेच्या स्कूटरचे चार्जिंग कुणाच्या मीटरवर टाकायचे यावरून आवाज चढतात, तेव्हा हा हिशेब शंभर वर्षांपूर्वीच करून ठेवलेला आहे हे कळले तर बरे वाटेल की वाईट, ते ज्याचे त्याने ठरवावे.

स्टाइनमेट्झ यांचा जन्म ९ एप्रिल १८६५ रोजी ब्रेस्लाऊ शहरी झाला. ते तेव्हा प्रशियात होते, आज पोलंडमध्ये आहे आणि त्याचे नाव व्रोत्सवाफ आहे. वडील रेल्वेच्या कचेरीत शिळाछापाचे काम करीत. मूल वर्षाचे झाले आणि आई गेली. आजीने नातवाला वाढवले. कुबड घराण्यातच होते, वडिलांना होते, आजोबांनाही होते. शरीराने दिले नाही ते गणिताने दिले. विद्यापीठात असताना गणितप्रेमी विद्यार्थ्यांच्या मंडळीत त्यांना प्रोटियस हे टोपणनाव पडले. ग्रीक पुराणातला हा समुद्रातला म्हातारा हवे ते रूप धारण करतो. थट्टेत मिळालेले हे नाव त्यांनी पुढे अमेरिकेत स्वतः होऊन कायमचे घेतले. आपल्या कुबडाची थट्टा पचवून ती नावात मिरवणारा माणूस मला तरी फार मोठा वाटतो.

त्या काळी जर्मनीत बिस्मार्कने समाजवाद्यांवर बंदी घालणारे कायदे केले होते. हा गणिती विद्यार्थी नेमका एका समाजवादी वृत्तपत्राच्या कामात पडला. पोलिसांची नजर वळली आणि १८८८ साली, डॉक्टरेट हातातोंडाशी आलेली असताना, त्यांना देश सोडून झुरिकला पळावे लागले. तिथून वर्षभरात अमेरिका.

न्यूयॉर्कजवळच्या याँकर्स गावात रुडॉल्फ आयकेमेयर नावाचे एक जर्मन कारखानदार होते. टोप्या बनवण्याची यंत्रे हा त्यांचा मूळ धंदा, आणि जोडीला विजेच्या मोटारी. त्यांनी या मुलाला आराखडे काढण्याच्या कामावर ठेवले. तीन वर्षांच्या आत त्याने विद्युतशास्त्रातला एक मोठा प्रश्न सोडवला. विजेच्या यंत्रातले लोखंड तापते आणि त्यात शक्ती वाया जाते. किती वाया जाईल हे यंत्र बनवून पाहिल्याशिवाय कुणाला सांगता येत नसे. स्टाइनमेट्झ यांनी त्याचा नियम शोधला आणि १८९२ साली तो अमेरिकन अभियंत्यांच्या सभेपुढे मांडला. यापुढे यंत्र आधी कागदावर तपासता येऊ लागले. पुढच्याच वर्षी शिकागोच्या परिषदेत त्यांनी प्रत्यावर्ती म्हणजे ए.सी. प्रवाहाची किचकट गणिते संमिश्र संख्यांच्या साहाय्याने सोपी करून दाखवली. आज आपल्याकडचा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी दुसऱ्या वर्षाला त्या रीतीने गणिते सोडवतो आणि शोधणाऱ्याचे नाव बहुधा त्याला ठाऊक नसते.

जनरल इलेक्ट्रिक कंपनीने आयकेमेयर यांचा धंदा विकत घेतला, त्यात हा माणूसही आला. १८९४ पासून ते न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडी गावी राहिले ते अखेरपर्यंत. तिथे युनियन कॉलेजात त्यांनी विद्युत अभियांत्रिकीचा विभाग चालवला. कंपनीची पुढे जगप्रसिद्ध झालेली संशोधन प्रयोगशाळा १९०० साली त्यांच्या घरामागच्या गाडीखान्यात सुरू झाली. हेन्री फोर्डच्या कारखान्यात बिघडलेल्या यंत्रावर त्यांनी खडूने एक खूण केली आणि दहा हजार डॉलरचे बिल लावले, अशी एक गोष्ट त्यांच्याबद्दल सांगतात. खरीखोटी कोण जाणे. पण प्रत्येक गावात ती कुठल्या ना कुठल्या हुशार मेकॅनिकच्या नावावर ऐकू येते.

त्यांच्या घराची हकीकत मात्र खरी आहे आणि ती सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. आपले व्यंग पुढच्या पिढीत उतरेल या भीतीने स्टाइनमेट्झ यांनी लग्न केले नाही. मोठे घर बांधले, त्यात काचेची बाग केली, निवडुंग आणि ऑर्किड लावले, सुसरी पाळल्या. पण घर ते घर झाले नाही. प्रयोगशाळेत जोसेफ हेडन नावाचा तरुण मदतनीस होता. १९०३ साली त्याचे लग्न झाले तेव्हा स्टाइनमेट्झ यांनी नवराबायकोला आपल्याच घरी राहायला बोलावले. पुढे त्यांनी हेडनला रीतसर दत्तक घेतले. त्याला तीन मुले झाली आणि आयुष्यभर एकटा राहिलेला हा गणिती एका दमात तीन नातवंडांचा आजोबा झाला. मुलांना रसायनांच्या रंगीत ज्वाळा दाखवणे, गोष्टी रचून सांगणे, उन्हाळ्यात मोहॉक नदीकाठच्या झोपडीत सगळ्यांना नेणे, हे त्यांचे सुख. होडीत आडवी फळी टाकून तिच्यावर कागद पसरायचे आणि वाहत्या पाण्यावर गणिते करायची, ही त्यांची कचेरी.

आता मोटारींकडे वळू. १९०० साली अमेरिकेत जेमतेम चार हजारांवर मोटारी तयार झाल्या, आणि त्यांतल्या पेट्रोलच्या एक चतुर्थांशही नव्हत्या. बाकीच्या वाफेच्या आणि विजेच्या. विजेची गाडी आवाज करीत नसे, धूर सोडत नसे आणि सुरू करण्यासाठी हँडल फिरवून मनगट मोडून घ्यावे लागत नसे. खुद्द हेन्री फोर्डची बायको डेट्रॉइट इलेक्ट्रिक ही विजेची गाडी वापरीत असे. स्टाइनमेट्झ यांनीही १९१४ सालची तीच गाडी घेतली. ताशी वीस मैलांच्या आसपास वेग आणि एका चार्जिंगमध्ये सुमारे ऐंशी मैलांची मजल. गावातल्या गावात फिरणाऱ्याला याहून जास्त काय हवे?

पण स्टाइनमेट्झ यांना या गाडीत शांत प्रवासापलीकडचे काही दिसत होते. वीजकेंद्र हा कर्जाऊ भांडवलावर उभा राहणारा धंदा. बॉयलर, टर्बाइन, खांब, तारा, सगळे कर्जरोखे काढून आणायचे. ते किती मोठे आणायचे? तर संध्याकाळी सगळे दिवे आणि ट्रॅमगाड्या एकदम चालतील तेव्हा पुरेल एवढे. रात्री दहानंतर दिवे विझत जातात आणि मध्यरात्री निम्म्याहून जास्त यंत्रे गप्प बसतात. कर्जाचे व्याज मात्र झोपत नाही. आयुष्य बँकेत काढलेल्या माझ्यासारख्याला हे कुणी समजावून सांगायला नको. इतरांनी आपल्या गावातले मंगल कार्यालय आठवावे. तिथीच्या दिवशी ते मिळत नाही आणि चातुर्मासात तिथल्या पंख्यांवर धूळ बसते. वर्षभराचा खर्च मोजक्या तिथींतून काढायचा, म्हणून भाडे एवढे जबर. चातुर्मासात कुणी रोजचा क्लास भरवायला तयार झाला तर मालक निम्म्या भाड्यात आनंदाने किल्ल्या देईल, आणि त्याचा खर्च भागू लागला तर लग्नाचे भाडेही थोडे उतरवील.

विजेची मोटार हे वीज कंपनीचे चातुर्मासातले गिऱ्हाईक होते. दिवसा रस्त्यावर, रात्री गॅरेजात. नेमक्या रिकाम्या वेळी ती वीज पिणार. शिकागोचे वीजसम्राट सॅम्युअल इन्सल यांनीही रिकाम्या यंत्रांचा हा मुद्दा धंद्याच्या अंगाने जाणला होता. स्टाइनमेट्झ यांचे म्हणणे आणखी पुढचे होते. रात्रीची वीज स्वस्त द्या, चार्जिंगची सोय कंपन्यांनी स्वतः करा, सामान्य माणसाला परवडेल अशी छोटी, सावकाश चालणारी गाडी काढा. मग वीज सगळ्यांनाच स्वस्त पडेल. दहा वर्षांत अमेरिकेच्या रस्त्यांवर दहा लाख विजेच्या गाड्या दिसतील असा त्यांचा अंदाज होता.

तो साफ चुकला. का चुकला, याचे नेहमीचे उत्तर तीन कारणांचे असते: १९०१ साली टेक्सासात लागलेला तेलाचा प्रचंड झरा, १९१२ साली कॅडिलॅक गाडीला बसलेला विजेचा स्टार्टर, ज्याने हँडल फिरवण्याचा त्रास संपवला, आणि फोर्डची मॉडेल टी. १९१४ च्या सुमारास फोर्ड पाचशे डॉलरच्या आसपास मिळे आणि डेट्रॉइट इलेक्ट्रिकला त्याच्या पाचपट तरी मोजावे लागत. बॅटऱ्या जड होत्या, हेही आहेच. ही कारणे खरी आहेत. पण मला त्यांच्या जोडीला एक कारण दिसते, आणि ते यंत्रातले नाही.

पेट्रोलला तारा लागत नाहीत. रॉकेल विकणारा वाणी प्रत्येक खेड्यात आधीपासून होता. त्याने रॉकेलच्या पिंपाशेजारी पेट्रोलचे पिंप ठेवले की झाला पंप. विजेचे तसे नव्हते. प्रत्येक शहराची कंपनी वेगळी, प्रवाह वेगळा, दर वेगळा. कुठे डी.सी. तर कुठे ए.सी. बॅटरीला लागतो डी.सी.; म्हणजे ए.सी.च्या गावात गाडीवाल्याने पाऱ्याच्या वाफेचे, निळसर उजेड फेकणारे एक महागडे यंत्र गॅरेजात बसवायचे. जनरल इलेक्ट्रिकच ही यंत्रे विकी, आणि त्यांच्या शास्त्रावर स्टाइनमेट्झ यांनी स्वतः काम केले होते. १९१० साली विजेच्या गाड्यांचा पुरस्कार करणारी संघटना अमेरिकेत निघाली. सगळीकडे चार्जिंगचा प्लग एकाच नमुन्याचा असावा अशी खटपट तिने केली. पण बहुतेक वीज कंपन्यांना दिवे आणि कारखाने यांतच गोडी. कित्येक कंपन्यांची स्वतःची कामेसुद्धा पेट्रोलच्या गाड्यांवर चालत. मिठाईवाला स्वतः दुसऱ्याच्या दुकानातून पेढे नेऊ लागला तर गिऱ्हाइकाने काय समजायचे?

एका शहराने मात्र वेगळे करून दाखवले. हार्टफर्ड गावच्या वीज कंपनीने १९१० पासून मालवाहू गाड्यांसाठी बॅटरी भाड्याने देण्याची योजना चालवली. गाडी बॅटरीशिवाय विकत घ्यायची, दरमहा ठरावीक रक्कम आणि वर मैलामागे आकार भरायचा. बॅटरी उतरली की कंपनीत जाऊन भरलेली घालून घ्यायची. ही सेवा १९२४ पर्यंत चालली. आज आपल्या शहरांत डिलिव्हरीची पोरे स्कूटरची बॅटरी बदलून घेताना दिसतात, तो धंदा हाच. म्हणजे रीत ठाऊक होती. ती गावोगाव नेण्याची जबाबदारी मात्र कुणाचीच नव्हती.

आणि सरकार? सरकार रस्ते बांधत होते. १९१६ साली अमेरिकेच्या केंद्र सरकारने रस्त्यांना अनुदान देणारा कायदा केला. १९१९ साली ओरेगॉन राज्याने पेट्रोलवर गॅलनला एक सेंट कर बसवून तो पैसा रस्त्यांकडे वळवला, आणि दहा वर्षांत सगळ्या राज्यांनी तोच कित्ता गिरवला. पेट्रोल विकले जाई, त्यातून रस्ता होई, रस्त्यावर आणखी पेट्रोलच्या गाड्या धावत. हा पैसा वाईट कामाला गेला असे कोण म्हणेल? पण ते रस्ते शहराबाहेर शेताशिवारांतून जात होते, आणि तिथे वीजच नव्हती. १९३५ साली सरकारने ग्रामीण विद्युतीकरणाची खास यंत्रणा काढली तेव्हासुद्धा अमेरिकेतल्या दहा शेतघरांपैकी एखाद्याच घरी दिवा लागत होता.

स्टाइनमेट्झ यांना हे कळत नव्हते असे नाही. बिस्मार्कच्या पोलिसांनी पिटाळलेला तरुण भांडवलशाहीच्या सर्वात बड्या कंपनीत नोकरीला लागला तरी त्याच्यातला समाजवादी मेला नव्हता. कंपनीनेही ते चालवून घेतले, हे तिच्या हुशारीचे लक्षण म्हणायचे. १९११ च्या निवडणुकीत स्केनेक्टडीला समाजवादी महापौर निवडून आला आणि स्टाइनमेट्झ शाळा मंडळाचे अध्यक्ष झाले. नव्या शाळा बांधणे, अशक्त आणि आजारी मुलांसाठी वेगळे वर्ग काढणे या कामांत त्यांनी प्रयोगशाळेइतकाच जीव घातला. पुढे ते नगरपरिषदेचेही अध्यक्ष झाले. वर्गातल्या कुबड्या मुलाचे दिवस कसे जातात हे त्यांना कुणी शिकवण्याची गरज नव्हती.

वीज ही शाळेसारखी आणि पाण्यासारखी सर्वांची सोय व्हावी, एकमेकींना जोडलेल्या तारांचे जाळे देशभर असावे, लहान ओढ्यानाल्यांचीही शक्ती त्या जाळ्यात ओतावी, असे ते मांडत राहिले. १९१८ साली अभियंत्यांपुढे त्यांनी देशाच्या शक्तिसाधनांचा सगळा हिशेबच ठेवला. कोळसा आणि तेल ही साठवलेली पुंजी आहे आणि पुंजी खाऊन कुणाचा संसार चालत नाही, या दृष्टीने त्या मांडणीकडे पाहिले की आजच्या वादांची आठवण येते. १९२२ साली त्यांनी रशियाच्या विद्युतीकरणाला मदत करण्याची तयारी दाखवणारे पत्र लेनिनला पाठवले. लेनिनने आभाराचे उत्तर आणि सहीचे छायाचित्र धाडले. जनरल इलेक्ट्रिकच्या नोकराच्या घरी लेनिनचे छायाचित्र! त्याच वर्षी ते न्यूयॉर्क राज्याच्या मुख्य अभियंत्याच्या पदासाठी निवडणुकीला उभे राहिले आणि हरले. ज्या एका खुर्चीवरून त्यांना राज्याच्या वीजधोरणाला हात घालता आला असता, ती मिळाली नाही.

दरम्यान १९२० साली त्यांच्या नावाने विजेच्या मोटारींची एक कंपनी निघाली. तिच्या ट्रकने ब्रुकलिनमधला एक उभा चढ चढून दाखवला, वर्तमानपत्रांत नाव झाले. वर्षाला हजार ट्रक आणि तीनशे मोटारी काढायचा बेत होता. तो बेतच राहिला. तोपर्यंत पेट्रोल पंप कोपऱ्याकोपऱ्यावर उभे होते, आणि ट्रक चढावर चढला तरी पलीकडच्या गावात त्याला वीज कोण देणार हा प्रश्न सुटला नव्हता. लोकांना या सुमाराचे स्टाइनमेट्झ आठवतात ते निराळ्याच कारणाने. मोहॉक नदीकाठच्या त्यांच्या झोपडीवर वीज पडली होती, तिच्या खुणा त्यांनी बारकाईने अभ्यासल्या आणि १९२२ साली प्रयोगशाळेत लाखाहून अधिक व्होल्टची कृत्रिम वीज पाडून दाखवली. ती पाहायला वृद्ध एडिसन आले होते.

१९२३ च्या शरदात हेडन कुटुंबाबरोबर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचा लांबचा प्रवास करून ते परतले. थकवा होता. २६ ऑक्टोबरच्या सकाळी ते अंथरुणातच गेलेले आढळले. वय अठ्ठावन्न.

भारतात २०१८ साली केंद्र सरकारने दोन गोष्टी स्पष्ट केल्या. चार्जिंग ही वीजविक्री नसून सेवा आहे, त्यामुळे ती देण्यासाठी वीजपुरवठ्याचा परवाना लागणार नाही. आणि शहरात तीन किलोमीटर लांबीरुंदीच्या प्रत्येक चौकोनात एक, तर महामार्गावर दर पंचवीस किलोमीटरला एक चार्जिंगचे ठिकाण असावे. अमेरिकेच्या संसदेने चार्जिंगसाठी साडेसात अब्ज डॉलर मंजूर केले ते २०२१ साली, म्हणजे स्टाइनमेट्झ यांच्या मृत्यूनंतर अठ्ठ्याण्णव वर्षांनी. विजेचा दर वेळेनुसार असावा हा त्यांचा आग्रहही आता आपल्या नियमांत आला आहे. २०२३ च्या दुरुस्तीनंतर केंद्राचे धोरण सूर्यप्रकाशाच्या तासांतली वीज स्वस्त ठेवण्याचे आहे. त्यांच्या काळी रात्र रिकामी असे. सौरऊर्जेने आता भर दुपार स्वस्त केली आहे. तेव्हा गाडी दुपारी जिथे उभी असते त्या कचेरीच्या, बाजाराच्या, स्टेशनाच्या आवारात चार्जिंगची सोय लागणार, फक्त घरी नव्हे. त्या जागांचे मालक कोण आणि तिथल्या जोडणीचा खर्च कुणाच्या खात्यावर, याचा निर्णय नगरपालिकांना आणि वीज कंपन्यांना बसून करावा लागेल.

स्टाइनमेट्झ यांची १९१४ सालची डेट्रॉइट इलेक्ट्रिक आज युनियन कॉलेजात आहे. मधली कित्येक वर्षे ती हरवल्यासारखीच होती; सापडली तेव्हा गंजून गेली होती. कॉलेजने ती दुरुस्त करून घेतली. ती पुढच्या आसनावरून चालवता येते तशीच मागच्याही आसनावरून चालवता येते.